पत्र्याच्या पेटीतले ४३ नग: ओळख पटवण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

पेटी आज ताब्यात आली. पत्र्याची, दोन कड्यांची, झाकणाची एक बिजागरी निखळलेली. आत जुना लष्करी सरंजाम: पट्टे, पाउच, तेलाच्या कुप्या, डबे, एक संगीन, एक दुर्बीण, एक होकायंत्र, आणि पाहताक्षणी काहीच न कळणाऱ्या बऱ्याच वस्तू. ज्यांनी हे आयुष्यभर जमवलं ते काका गेल्या वर्षी गेले. बंदूक यात एकही नाही, फक्त बंदुकीबरोबर लागणारं सामान. काकूंना एवढंच हवंय की प्रत्येक वस्तू काय आहे ते लिहून मिळावं. "पुढे कुणाला द्यायची वेळ आली तर नीट सांगून देता येईल," त्या म्हणाल्या.

पहिली फेरी फक्त डोळ्यांनी केली, हात न लावता. अशा पेटीत शिल्लक काडतूस, फ्यूज किंवा हातबॉम्ब निघू शकतो आणि जुनं झालं म्हणून ते निवलेलं नसतं. पाच काडतुसांची एक क्लिप दिसली. त्यातल्या तिघांच्या अंगाला आरपार छिद्रं होती, म्हणजे कवायतीची असावीत. उरलेल्या दोघांना छिद्र नाही आणि बुडाची टोपी (ठोका बसताच पेटणारी) शाबूत. छिद्र असलं म्हणजे निर्धोक असंही मी धरत नाही. क्लिप आहे तिथेच ठेवली, खोली बंद केली, पोलिसांना कळवलं. ते संध्याकाळी येऊन पाचही घेऊन गेले. संगीन बाळगायला इथे हरकत नाही ना, तेही त्यांनाच विचारून घेतलं. नोंदवहीत नग १२ समोर "सुपूर्द" लिहिलं.

काकांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या काही वस्तूंना दोऱ्याने बांधलेल्या आहेत. बहुतेक पुसट. नग १७ ही बोटाएवढी पोलादी नळी, एका टोकाला आट्यांचं टोपण. तिच्यावरची चिठ्ठी मात्र स्वच्छ वाचता येते: "तेल की पट्टा?" कुठल्या खणात ठेवायची असा त्यांना प्रश्न पडला असावा असं समजून ती मी बाजूला ठेवली.

कामाचा नियम ठरवला. घासायचं नाही, चकाकवायचं नाही, तेल लावायचं नाही. आधी फोटो, मग मोजमाप, मग लोहचुंबक, आणि खुणा सगळ्यांत शेवटी.

८ जानेवारी

नग ९. काकूंनी तो पेटीतून नाही, भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता तिथून काढून दिला. "हा ओळंबा. फोटोच्या चौकटी सरळ लावायला वापरतो आम्ही."

पितळी, बारीक, टोकाकडे निमुळता होत गेलेला, आणि वर जाड विणीच्या दोरीचा तुकडा. दिसतो खरोखरच ओळंब्यासारखा. पण ओळंब्यासाठी फार सडपातळ आहे. ओळंबा जितका जड तितका चांगला, तो बारीक करण्यात गवंड्याचा काहीच फायदा नाही. मग बारीक का केला? व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर जाडी सात मिलिमीटरच्या आत भरली. हा आकडा वाचला आणि उलगडा झाला. ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलची नळी .३०३ इंचाची, म्हणजे ७.७ मिलिमीटर. हे वजन नळीतून खाली सोडण्यासाठीच बनवलेलं आहे.

ही नळी साफ करायची दोरी, पुल-थ्रू. वजन नळीच्या मागच्या बाजूने आत सोडायचं, तोंडातून बाहेर आलं की धरून दोरी ओढून घ्यायची. दोरीला तीन फासे असत. वजनाकडचा पहिला तारेच्या जाळीसाठी, दुसरा कापडाच्या पट्टीसाठी, आणि तिसरा दोरी आत अडकलीच तर दुरुस्ती करणाऱ्याला ती मागे खेचता यावी म्हणून. कापडाची पट्टी चार इंच बाय दोन इंच, म्हणून सैनिक तिला नुसतं "फोर बाय टू" म्हणत. कापडाचा घेर नळीत घट्ट बसला पाहिजे, पण अडकता कामा नये, म्हणून माप ठरवून दिलेलं होतं.

आमच्या दोरीचा एकच फासा शाबूत आहे, दुसऱ्याच्या जागी नुसते धागे. कुणीतरी जोर लावून ओढलं असणार. दोरीची घडी आणि तेलाची कुपी, दोन्ही रायफलच्या दस्त्याच्या बुडात, पितळी झाकणामागच्या खळग्यात राहत. पेटीत नग १० म्हणून पितळी कुपीही आहे. टोपणाला आत चमच्यासारखी काडी आणि टोपणाखाली चामड्याची चकती. चकती वाळून चिरली आहे, तरी काढणार नाही. नव्या चकतीने कुपी गळायची थांबेल, पण मग ती त्या काळची राहणार नाही.

११ जानेवारी

आज खुणांच्या मागे लागले आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी लिहून टाकते.

नग २२, खाकी सुती विणीचा पाउच, ब्रिटिश सैन्याच्या १९३७ पॅटर्नचा, म्हणजे त्या सालच्या नमुन्याचा. वरच्या झडपेच्या आतल्या बाजूला शाईचा शिक्का होता. बनवणाऱ्याचं नाव अस्पष्ट, खाली साल. अक्षर नीट दिसेना म्हणून मी ओल्या फडक्याने हलकेच टिपलं. शाई पाण्यात विरघळणारी निघाली. सालाचे शेवटचे दोन आकडे माझ्या डोळ्यांदेखत फडक्यावर आले. फोटो काढला होता, पण वरून सरळ प्रकाशात, आणि त्यात ते आकडे वाचता येत नाहीत. ऐंशी वर्षं टिकलेली गोष्ट माझ्यामुळे गेली. नोंदवहीत "साल: १९४–, शिक्का नोंद करताना पुसला गेला" असं लिहिलं आहे. यापुढे कापडाला पाणी नाही, आणि प्रत्येक शिक्क्याचा फोटो चारही बाजूंनी तिरप्या उजेडात. टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून धरला की दाबलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं वाचता येतं. धातूवरच्या खोल खुणेसाठी पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल फिरवायची. ही युक्ती लहानपणी नाण्यांवर सगळ्यांनीच केलेली असते.

पाउचवर बाहेरून ब्लँकोचे थरावर थर आहेत. ब्लँको म्हणजे वेबिंगवर (जाड सुती पट्टे-पाउचवर) फासायचा हिरवट रंगाचा लेप, पाण्यात कालवून लावत. बाहेरचे शिक्के त्याखाली बुजतात, म्हणून शिक्का आधी आतल्या बाजूला शोधावा. हा पाउच ब्रेन या हलक्या मशीनगनची मॅगझिनं (काडतुसं भरायचे डबे) मावतील अशा मापाचा आहे. पुढे स्टेन गनची लांब मॅगझिनं त्यात नीट मावेनात, म्हणून मार्क ३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत, त्याची लांबी वाढवली. आमचा आखूड आहे.

आता बाण. तीन रेघांचं बाणाचं टोक ब्रिटिश सामानावर जिथे तिथे दिसतं, आणि "बाण आहे म्हणजे इंग्लंडमध्ये बनलं" असं चटकन म्हटलं जातं. बाण कारखान्याचा नसतो, तो मालकीचा असतो: ही वस्तू सरकारची. आणि बाणाच्या शेजारी काय आहे यावर सगळं ठरतं. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन डींच्या मधे बाण असेल तर ऑस्ट्रेलिया, तिथल्या संरक्षण खात्याची आद्याक्षरं. यू अक्षरात बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका. बाणाखाली आय म्हणजे भारत. दोन बाण टोकाला टोक भिडवून उभे असतील तर ती वस्तू सरकारने विकून टाकलेली आहे. काकांच्या पेटीत चार देशांचे बाण निघाले. त्यांनी चिठ्ठीवर सगळ्यांना "विलायती" लिहिलंय.

१५ जानेवारी

नग ३, संगीन. तिच्यासाठी आख्खा दिवस दिला आणि तो सत्कारणी लागला.

लांब सरळ पातं, ४३२ मिलिमीटर, बरोबर सतरा इंच. मुठीला लाकडाच्या दोन फळ्या, दोन स्क्रूंनी जोडलेल्या. पात्याच्या मुळाशी एका बाजूला मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, त्याखाली ठसठशीत "१९०७". काकांची चिठ्ठीही तेच सांगते: "१९०७ ची". पण १९०७ हे या संगिनीचं जन्मसाल नाही. ते नमुन्याचं नाव आहे. त्या साली मंजूर झालेल्या नमुन्याची संगीन, मग ती पुढे कधीही बनवलेली असो, तिच्यावर १९०७ असणारच. खरी तारीख त्याखाली बारीक आकड्यांत असते, महिना आणि सालाचे शेवटचे दोन अंक. भिंगातून पाहिलं तर "१०" आणि "१६". ऑक्टोबर १९१६. पलीकडच्या बाजूला तपासणीचे शिक्के, सरकारी बाण, आणि फुलीसारखं एक एक्स. पातं वाकवून परत सरळ होतं का ते तपासलं की हा एक्स मारत.

फक्त आकड्यांवर विसंबायचं नाही, म्हणून आकार पाहिला. सुरुवातीच्या १९०७ संगिनींच्या आडव्या दांडीला खालच्या टोकाशी वळलेला आकडा असे. १९१३ मध्ये तो काढून टाकला. आमची दांडी सरळ आहे, आणि तिथे कापल्याची किंवा कानशीने घासल्याची खूणही नाही, म्हणजे ती मुळातच सरळ बनलेली. दुसरं, मुठीच्या टोकाला आरपार एक गोल छिद्र आहे. रायफलवर बसायची खाच चिखलाने तुंबली की कचरा बाहेर ढकलता यावा यासाठी ते १९१६ पासून ठेवायला लागले. जुन्या संगिनींना ते मागाहूनही पाडलेलं सापडतं, त्यामुळे एकट्या छिद्रावरून तारीख ठरत नाही. पण सरळ दांडी, छिद्र आणि "१० १६" हे तिन्ही एकमेकांशी भांडत नाहीत. मला इथे खात्री वाटते ती या तिघांच्या एकमतामुळे. शिक्का खोटा मारता येतो, तारीख चुकीची वाचता येते, पण आकार, झीज आणि शिक्का हे तिघं मिळून खोटं बोलणं फार अवघड.

म्यानाचं चामडं वाळलंय. तोंडाजवळचं लोखंड गंजलंय, पण स्थिर आहे. संगीन म्यानात ठेवणार नाही. चामड्यातल्या रसायनांनी आणि ओलाव्याने पातं आतून खात जातं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची.

१९ जानेवारी

नग १४ ने दोन दिवस खाल्ले.

सपाट पोलादी पट्टी, तळहातात मावेल एवढी. एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची धार, कडेला काही खाचा. दोन खाचांजवळ आकडे कोरलेत: ७५ आणि ९५. माझं पहिलं टिपण मी खोडलेलं नाही, ते असं आहे: "१८७५ आणि १८९५? दोन नमुन्यांची सालं?" चार दिवसांपूर्वीच १९०७ ने आकडे आणि सालं यांच्याबद्दल सावध केलेलं असताना मी पुन्हा आकड्यात साल शोधत होते.

मग खाचा मोजल्या. एकीची खोली १.९ मिलिमीटर, दुसरीची २.४. मिलिमीटरमध्ये हे आकडे काहीच सांगत नव्हते. इंचात केले तर ०.०७५ आणि ०.०९५. खाचेजवळचा आकडा म्हणजे तिची खोली, इंचाच्या हजाराव्या भागात!

ही मोसिन-नागांत या रशियन रायफलची किल्ली आहे. बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या भागाच्या) तोंडातून फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणारी सुई, किती पुढे येते ते या दोन खाचांनी तपासत. ९५ ची खाच पिनवरून मोकळी गेली पाहिजे आणि ७५ ची अडली पाहिजे, म्हणजे पिनची लांबी या दोघांच्या दरम्यान आहे. कमी असेल तर काडतूस पेटणार नाही, जास्त असेल तर बुडाची टोपी फुटून वायू मागे येईल. आणि रशियन हत्यारावर इंच का? रायफल स्वीकारली १८९१ साली, आणि रशियाने मेट्रिक पद्धतीचा हुकूम काढला तो १९१८ मध्ये. त्याआधी तिथे इंच आणि इंचाचा दहावा भाग, म्हणजे "लाइन", हीच मापं. या रायफलचं नावच "तीन लाइनची" होतं: ०.३ इंच, म्हणजेच आपल्याला सवयीचा झालेला ७.६२ मिलिमीटर. मापपद्धत बदलली, पण किल्लीवरचे जुने आकडे तसेच राहिले.

हे कळल्यावर नग १५ आपोआप उलगडला. दोन पोटांचा चपटा पत्र्याचा डबा, दोन टोपणं. एका बाजूला इंग्रजी एचसारखं अक्षर, दुसऱ्या बाजूला तीन उभ्या दांड्यांचं, खाली छोटी शेपटी असलेलं अक्षर. रशियन लिपीत पहिलं "न", नेफ्त, म्हणजे खनिज तेल. दुसरं "श्च", श्चोलच, म्हणजे अल्कली. एकात तेल, दुसऱ्यात अल्कलीचं पाणी. नुसत्या तेलाने का भागत नव्हतं? त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठासारखंच, हवेतली ओल शोषून घेतं आणि एका रात्रीत गंज चढवतं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी अल्कलीच्या पाण्याने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, आणि मगच तेल. डब्याच्या दोन पोटांत कामाचा क्रमच भरून ठेवलाय.

बुडावर त्रिकोणात बाण आहे. ही इझेव्स्कच्या कारखान्याची खूण. तुलाचा असता तर पाच टोकांचा तारा असता. आणि इथला बाण ब्रिटिश बाणाशी काहीही संबंध नसलेला.

२३ जानेवारी

नग १८: चपटा पत्र्याचा डबा, दोन बिजागरीची झाकणं, बाहेरून कंगोरे. आत दोन ब्रश, छोटी तेलकुपी, एक आकडा आणि कड्यांची साखळी. जर्मन राइनिगुंग्सगेरेट ३४, रायफल साफ करायचा संच. दोरीच्या जागी साखळी हीच त्याची ओळख.

झाकणावर बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, गु. अपेल, आणि १९३७. आतल्या कुपीवर मात्र नाव नाही, तीन अक्षरी कोड आहे. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने कारखान्यांची नावं लपवण्यासाठी मालावर असे अक्षरी कोड मारायला सुरुवात केली. म्हणजे डबा युद्धाआधीचा, कुपी युद्धातली. साखळीला चुंबक चिकटत नाही, ती ॲल्युमिनियमची. पुढच्या साखळ्या पोलादी झाल्या, तेव्हा ही जुन्या डब्याबरोबरचीच असावी. कुपी हरवली आणि दुसरी दिली गेली, इतकं साधं असू शकतं. सैनिकाच्या हातातला संच असाच असतो. "सगळे भाग एकाच सालचे" असा संच समोर आला तर मला उलट जास्त प्रश्न पडतात, कारण असे संच विक्रीसाठी जुळवले जातात.

गरुडाचे जर्मन शिक्के सर्वांत जास्त खोटे मारले जातात, म्हणून इथला शिक्का वीस मिनिटं भिंगाखाली पाहिला. शिक्क्याच्या खळग्यातही बाहेर आहे तसाच जुना काळपटपणा आहे, कडा बोथट, पत्र्यावरचा रंग शिक्क्याच्या आत उतरलेला. म्हणजे आधी शिक्का, मग रंग. खोट्या शिक्क्यात बहुधा याच्या उलट दिसतं: रंग फुटलेला आणि खाली चकाकणारा ताजा धातू.

नग ३१, पितळी दुर्बीण, चामड्याचं वेष्टण, सरकवायच्या नळ्या. हिच्यावर सगळं लिहिलंय: स्काउट रेजिमेंट टेलिस्कोप, मार्क २ एस, ओ.एस. क्रमांक १२६. पाच मिनिटांत झाली.

२८ जानेवारी

नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंकडे मी दुर्लक्ष करत होते. आज लक्षात आलं की सगळ्यांत सरळ बोलणाऱ्या वस्तू त्याच आहेत, कारण त्यांच्यावर साठा-क्रमांक आहे.

नग ३५, सफाईच्या सळ्यांची हिरवी पिशवी. अकरा आकडी क्रमांक, सुरुवात १००५ ने. नग ३६, जवळजवळ तशीच पिशवी, पण क्रमांक तेरा आकडी, पहिल्या चारांनंतर ००. अमेरिकेत १९७४ पर्यंत अकरा आकडी फेडरल स्टॉक नंबर चालायचा. मग तेरा आकडी झाला. पहिले चार आकडे गटाचे, आणि त्यांच्यामागे देशाचे दोन आकडे घातले. ०० आणि ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, २१ कॅनडा, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ६६ ऑस्ट्रेलिया. पहिल्या चारांवरून वस्तूची जात कळते. १००५ म्हणजे ३० मिलिमीटरपर्यंतच्या बंदुका आणि त्यांचे भाग, १२४० म्हणजे नेम धरण्याची भिंगाची उपकरणं, ६६०५ म्हणजे दिशा दाखवणारी, ८४६५ म्हणजे सैनिकाच्या अंगावरचा सरंजाम. वस्तू काय आहे याचा काहीच अंदाज नसेल तेव्हा हे चार आकडे दार उघडून देतात.

पण इथेही साल वेगळं आणि क्रमांक वेगळा. बदलाच्या वेळी अमेरिकेतल्या जुन्या क्रमांकांच्या मधे फक्त ०० घातलं गेलं. त्यामुळे नग ३६ वरचं ०० एवढंच सांगतं की या प्रकारच्या पिशवीला क्रमांक १९७४ च्या आधी मिळाला होता. ही पिशवी शिवली गेली ती त्यानंतर, कारण नाहीतर तिच्यावर तेरा आकडे आलेच नसते.

२ फेब्रुवारी

नग ४०, होकायंत्र. तबकडीवर पिवळट तपकिरी रंगाचे ठिपके. अंधारात चमकत नाहीत. ते रेडियमचं मानून चालायचं, म्हणून झाकण उघडलेलंच नाही. चमक जाते ती रंगातलं झिंक सल्फाइड निकामी होतं म्हणून. रेडियम तसंच राहतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. धोका मुख्यतः सुटणाऱ्या कणांचा, ते श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. दुहेरी पिशवीत बंद केलं, वर ठळक लिहिलं, हवेशीर जागी, माणसांच्या बसण्या-उठण्यापासून लांब. हात धुतले. हे घरात परत जाणार नाही, काकूंशी बोलून घेतलं.

६ फेब्रुवारी

कापडी बॅंडोलियर, म्हणजे काडतुसं बाळगायचे पट्टे, दोन. पाच खिसे, खिशात पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, म्हणजे पन्नास काडतुसं. दोन्ही दिसायला सारखे. अतिनील टॉर्चखाली एकाची शिवण निळसर पांढरी पेटली, दुसऱ्याची मंद राहिली. कापडात चकाकी आणणारी रसायनं महायुद्धानंतर सर्रास झाली, म्हणून पेटणारा दोरा नवा ठरतो. पण जुना पट्टा आजच्या साबणात धुतला तरीही पेटतो! म्हणून खिशाच्या आतली, कधी न धुतली जाणारी शिवण उलगडून पाहिली. तिथेही तेवढाच पेटला. नग २७ "नंतर बनवलेला, नमुन्याबरहुकूम". चांगला शिवलाय, ठेवण्यासारखाच आहे, फक्त जुना नाही.

चामड्याच्या पट्ट्यांवर पितळी रिव्हेटांभोवती हिरवा मेणचट कळंक आलाय. चामड्याला वर्षानुवर्षं लावलेली चरबी आणि पितळेतलं तांबं यांच्यातून तो होतो. लाकडी काडीने खरवडला. पुन्हा तेल लावलं तर पुन्हा येईल, म्हणून काकूंना तशी ताकीद लिहून दिली आहे.

१४ फेब्रुवारी

नग १७. शेवटचा राहिलेला, आणि महिनाभर रोज नजरेसमोर असलेला.

काय माहीत होतं: पोलादी नळी, करडा काळपट मुलामा, खरखरीत कडेचं टोपण, टोपणाला आत लांब काडी, आत वाळलेल्या तेलाचा वास. म्हणजे तेलकुपी, यात वाद नव्हता. पण पूर्वीच्या कुप्या चपट्या किंवा दस्त्याच्या खळग्यात बसतील अशा. ही इतकी भक्कम का? तेल ठेवायला इतकं जाड पोलाद लागत नाही. खळग्यात लपणाऱ्या वस्तूची बाहेरून झीजही होत नाही. आणि ही झिजलीय. टोकांना मुलामा शाबूत आणि मधे गोलाकार, नेमका एका पट्ट्याएवढा भाग उघडा, गुळगुळीत.

आज तिरप्या उजेडात तो झिजलेला पट्टा मोजला: सुमारे २५ मिलिमीटर. एक इंच. पेटीतच नग २३, एक इंची खाकी सुती पट्टा, अजून कुठल्याच रायफलशी जुळवलेला नव्हता. तो नळीभोवती गुंडाळला. झिजलेल्या जागेत तो असा बसला की तिथेच त्याचं घर.

एम१ कार्बाइन, अमेरिकी सैन्याची आखूड, हलकी रायफल. तिच्या लाकडी दस्त्याला आरपार खाच असते. पट्टा एका बाजूने खाचेत घालायचा, दुसऱ्या बाजूला या तेलकुपीभोवती फिरवायचा आणि परत ओढून घ्यायचा. कुपी आडवी अडकते आणि पट्टा सुटत नाही. वेगळी कडी नको, कुपीसाठी वेगळी जागाही नको. म्हणून इतकं जाड पोलाद: सैनिकाच्या खांद्यावरून लटकणाऱ्या बंदुकीचा भार हिच्यावर येणार होता. ही जोडणी ज्याने पहिल्यांदा कागदावर काढली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१९४२ ते १९४५ या काळात साठ लाखांहून जास्त कार्बाइन बनल्या. विंचेस्टरसारखे बंदूकवाले त्यात होतेच, पण टाइपरायटर बनवणारे अंडरवुड, आयबीएम आणि ज्यूकबॉक्स बनवणारे रॉक-ओलाही होते. कुप्यांसारखे छोटे भाग आणखी छोट्या कारखान्यांतून येत. नळीच्या बुडावरची दोन अक्षरं तशाच एखाद्या कारखान्याची आहेत. ती कोणाची हे न कळताही नळी काय आहे ते कळलं, आणि ते झिजेवरून कळलं.

मग चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. "तेल की पट्टा?" खणाचा प्रश्न नव्हता तो. काकांनी झीज पाहिली होती. त्यांना दोन्ही दिसलं होतं, फक्त त्यातलं एक निवडावं लागेल असं वाटलं.

१७ आणि २३ आता एकत्र बांधले.

२० फेब्रुवारी

नोंदवही आणि पेटी परत केली. ४३ पैकी नग १२ पोलिसांकडे, नग ४० वेगळं, बाकी सगळे लेबलांसह. चामडं आणि लोखंड वेगवेगळ्या खणांत, प्रत्येक वस्तूखाली आम्लरहित कागद.

काकूंनी पेटीपेक्षा आधी ओळंब्याची चौकशी केली. तो काय आहे ते सांगितलं, दोरीचे फासे दाखवले, तुटलेला कुठला तेही. त्यांनी दोरी बोटाला गुंडाळून पाहिली. "म्हणजे बंदुकीच्या नळीतून जायचा हा," त्या म्हणाल्या, आणि तो परत खिळ्याला लटकवला. दोरी जीर्ण आहे, तिच्यावर वजन तोलू नका, चौकटींसाठी मी दुसऱ्या दोरीने साधं वजन बांधून देते, असं सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

मग नग १७ ची चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. "तेल की पट्टा? मग काय निघालं गं?"

"दोन्ही, काकू."

चिठ्ठी त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. नोंदवहीत तिचा फोटो नग १७ समोर लावला आहे, तिरप्या उजेडातला.